अकरा सेकंदांची हिरूआत्या

जांभळं पिकली की आमच्या हेंद्रेपाड्यातल्या इमारतीचं अंगण असं रंगतं, की पांढऱ्या चपलेने बाहेर पडलेला माणूस शाईच्या कारखान्यात पाळी करून आल्यासारखा घरी परततो. याच दिवसांत लग्नांचा शेवटचा घाणा निघतो. मुहूर्त संपत आलेले असतात, आभाळ काळवंडायला लागलेलं असतं, आणि मांडववाले एका लग्नाचे खांब उपटून, त्यांची माती न झटकता, ते दुसऱ्या लग्नाला रोवतात. मे महिन्यात आमच्याकडे एखादा दुपारी घरी जेवला तर शेजारी दार वाजवून विचारतात, "काय हो, तब्येत बरी नाय का?" मी स्वतः एकाच दिवशी सात लग्नांत जेवलेलो आहे. बायको म्हणते तीन. तिने जिलबी मोजली, मी लग्नं मोजली.

यंदाची शेवटची पत्रिका आली ती रंजनावहिनीच्या रोहनची. रोहन म्हणजे माझा पुतण्या. पत्रिका एवढी जाड की माझ्या आईने ती दोन दिवस भाताच्या पातेल्याखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"भावजी, पत्रिका मिळाली ना? आणि ते आमच्या आईंचं तेवढं शोधा ना एकदा. कुठं तरी असंल. रोहनच्या मांडवात त्यांचा एक धवला वाजला ना, माझं बाकी काय मागणं नाय."

"बघतो," मी म्हणालो. पंधराएक वर्षं मी हेच म्हणत आलोय. आई म्हणजे तिची सासू, माझी हिरूआत्या; आणि धवला म्हणजे आमच्यातलं लग्नातलं गाणं.

फोन ठेवला आणि कपाटाच्या वरच्या खणात हात घातला. बुटाच्या खोक्यात, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली तो होता. साबणाच्या डबीएवढा, चंदेरी रंगाचा, एक कोपरा चेपलेला कॅमेरा. हातात घेतला तर त्याच्या रबरी पट्टीला अजून हळदीचा डाग होता. आता हळदीला पंधरा वर्षांनी वास राहत नाही हे मलाही कळतं. पण आला वास.

हा कॅमेरा मी उल्हासनगरला कॅम्पात मुरलीशेठच्या दुकानातून घेतला. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत शिरलं की मुरलीशेठला श्वास सोडायला रस्त्यावर यावं लागे. भिंतभर कॅमेऱ्यांचे अवयव टांगलेले असायचे. कुठे नुसती भिंगं, कुठे नुसते पट्टे, कुठे पोट फाडलेला एखादा बिचारा तारा बाहेर काढून पडलेला. माझा कॅमेरा जुना, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मी तोंड वाकडं केलं तेव्हा मुरलीशेठने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि असं एक वाक्य बोलला, की त्याने माझं पुढचं सगळं वाटोळं केलं.

"देख साईं," तो म्हणाला, "ये कॅमेरा गरीब नहीं है. कंपनी ने इसको गरीब रखा है."

मग त्याने करामत दाखवली. जगात कुठेकुठे बसलेल्या काही खटपट्या लोकांनी अशा छोट्या कॅमेऱ्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कंपनीचा त्याला आशीर्वाद नव्हता. तो फुकट मिळायचा, नेटवरून उतरवून मेमरी कार्डावर टाकायचा. कार्डाच्या कडेला नखाएवढी एक पिवळी पट्टी असते. ती खाली सरकवली की कार्डाला कुलूप लागतं, म्हणजे एरवी त्यावर काही लिहिता येत नाही. पण असं कुलूप लावलेलं कार्ड आत घातलं, की हा कॅमेरा सुरू होताना आधी तो चोरटा प्रोग्रॅम वाचतो आणि मग कुलूप-बिलूप काही जुमानत नाही. पट्टी पुन्हा वर केली की आपला पहिल्यासारखा कंपनीचा गरीब बैल. सगळा खेळ एका नखाचा.

आणि खेळ तरी केवढा! जो कॅमेरा चार वेळा विचारल्याशिवाय बॅटरी संपत आल्याचं सांगत नव्हता, तो पडद्यावर टक्के दाखवायला लागला. मिनिटभर डोळा उघडा ठेवायला लागला. दर दहा सेकंदांनी आपण होऊन फोटो काढायला लागला. व्हिडिओची क्वालिटी कंपनीने जिथे बांधून ठेवली होती, तिथून पार वर नेता यायची. यादी एवढी लांब होती की ती खाली सरकवता सरकवता माझं लोकलचं एक स्टेशन चुकलं असतं, पण मी दुकानातच उभा होतो म्हणून वाचलो.

निघताना मुरलीशेठने माझा दंड धरला. "सब करना. बस व्हिडिओ का काँटा इतना मत खींचना. कार्ड का दम फूलता है."

मी हो म्हणालो. हो म्हणायला मी कधीच कंजुषी केलेली नाही.

त्या उन्हाळ्यात मी काय काय केलं म्हणून सांगू. अंबरनाथच्या जुन्या देवळाच्या भिंतीवरच्या एका दगडी बाईचा एवढ्या जवळून फोटो काढला, की तिच्या कानातल्या डुलाच्या फिरकीचा आटा दिसला. कुळगावात मुंगळ्याच्या मिशा टिपल्या. गच्चीवर विटांवर कॅमेरा ठेवून चंद्र काढला आणि सगळ्यांना सांगितलं, की चंद्रावर वांगणीच्या बाजूला एक खड्डा आहे, तो माझ्याआधी कुणाला दिसलेला नाही. लोक हसायचे. "नंद्याचं ऐका," म्हणायचे, "नंद्या सांगतो त्याला दहानं भागा, मग त्यातलं अर्धं सोडून द्या." मला त्याचं काही वाटायचं नाही. थाप ही पाहुण्याला द्यायच्या पाण्यासारखी असते. तहान नसली तरी पुढे करावी.

पण आतल्या आत एक गोष्ट मी गंभीरपणे धरून बसलो होतो. मी एका खाजगी कंपनीत बिलांवर शिक्के मारायचो. मुरलीशेठचं ते वाक्य मी कॅमेऱ्याबद्दल ऐकलंच नव्हतं. मलाही कुणीतरी गरीब ठेवलंय, आणि कुठेतरी नखाएवढी एक पट्टी असेल, ती सरकवली की झालं, असं मी धरून चाललो होतो.

आता हिरूआत्या.

हिरूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कुळगावच्या जुन्या घरात राहायची आणि आसपासच्या आगरी घरांची धवलारीण होती. आमच्यातल्या लग्नांत विधी भटजीच्या आधीपासून धवलारणीच्या ताब्यात असतात. हळद जात्यावर पडते तेव्हाचा धवला वेगळा, तांदळाच्या पिठाने चौक भरतात तेव्हाचा वेगळा, नवऱ्याला पाटावर बसवताना वेगळा, नवरीची आई रडायला लागते त्या वेळचा वेगळा. हे धवले कुठे लिहिलेले नसतात. ते धवलारणीच्या गळ्यात असतात. हिरूआत्या उंचीने माझ्या खांद्याला लागायची, मशेरीने दात काळे, एका डोळ्यात फूल. पण तिने आवाज लावला की कुळगावच्या मांडवातून तो उल्हास नदी ओलांडून पलीकडच्या म्हशींपर्यंत जायचा आणि म्हशी रवंथ थांबवायच्या. ह्याला दहाने भागू नका. म्हशींचं मी बघितलेलं आहे.

तिचा एक नियम होता. लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. पुढ्यात मांडव नसताना म्हटला तर कुणाच्या तरी घरचा मांडव उणा होतो, असं ती मानायची. म्हणून तिच्याकडून शिकायचं तर लग्नातच, तिच्या बाजूला बसून, तिच्यामागून ओळ उचलत. आणि शिकायची इच्छा होती एकटीला, तिच्या सुनेला, म्हणजे रंजनावहिनीला. वहिनी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात बाटल्यांवर झाकणं बसवायची. लग्नसराईत सुट्टी मागितली की सुपरवायझर म्हणायचा, "बाई, तुमच्या घरात रोज लग्न असतं का?" असायचं, पण त्याला कसं सांगणार. सगळे मिळून वहिनीला चार धवले येत होते. आत्याकडे किती होते ते आत्यालाही सांगता आलं नसतं.

त्या साली, मुहूर्त संपत आलेले असताना वहिनी मला जिन्यात भेटली. कामावरून आली होती, बोटांना झाकणांच्या कडांनी चिरा पडलेल्या.

"भावजी, तुमच्या त्या डबीत गाणं पण येतं ना? हलतं चित्र?"

"गाणं?" मी म्हणालो. "वहिनी, ह्यात आत्याच्या पोटातलं पाणी हललं तरी ऐकू येईल."

"मग प्रकाशभावजींच्या लग्नात आईंचे समदे धवले घ्याल? मी रात्री बसून ऐकंन, एकेक पाठ करंन. पुढच्या साली आईंना होईल का नाय, कोणाला ठाव. त्यांचा दम लागतो आता."

प्रकाश माझा चुलतभाऊ. त्याचं लग्न त्या मोसमातलं आमच्या घरातलं शेवटचं. त्यानंतर थेट तुळशीच्या लग्नापर्यंत मांडव नाही, आणि मांडव नाही म्हणजे आत्याचं तोंड बंद.

"समदे घेतो," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला. "असे घेतो, की टीव्हीवाले मागायला येतील."

मांडवाच्या दिवशी सकाळचे दहा वाजलेले. पत्रा तापून वर टणटण आवाज करत होता. आंब्याचे टाळे, ओली माती, कुटलेली हळद, कढईतलं तेल आणि दीडशे माणसांचा घाम, असा सगळा वास. आत्या चौकापाशी पाटावर बसली होती, नवं हिरवं लुगडं नेसून. कुणीतरी तिला सांगितलं होतं, आज तुझं शूटिंग आहे, म्हणून तिने मशेरी लावून झाल्यावर दात दोनदा धुतले होते. वहिनीला सुट्टी मिळाली नव्हती. दुपारच्या जेवणाला येते म्हणाली होती.

लग्नाचं शूटिंग करायला उल्हासनगरहून विकी नावाचा फोटोग्राफर आला होता. गळ्यात तोफेसारखा कॅमेरा, पाठीवर पोतं, डोळ्याला काळा चष्मा, तोही मांडवाच्या सावलीत. त्याने माझ्या हातातली डबी बघितली.

"काय भाऊ, अंघोळीला निघालात? साबण घेऊन?"

बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या कानशिलात गरम झालं. मी त्याला सगळं सांगितलं, प्रोग्रॅम, पट्टी, यादी, सगळं, आणि दीडशे माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुझ्या तोफेपेक्षा जास्त क्वालिटी देतो हा. बघच तू."

आणि त्याच्या डोळ्यांदेखत, बटणं दाबत, व्हिडिओचा काटा मी पार टोकाला नेला. नव्व्याण्णववर. शंभर असते तर शंभरवर नेला असता.

आत्यासमोर उकिडवा बसलो. लाल टिंब लुकलुकायला लागलं. आत्याने पदर नीट केला, घसा साफ केला आणि विचारलं, "चालू जाला क रं तुजा डबा?"

"हो आत्या, झाला. म्हण तू."

तिने डोळे मिटले आणि श्वास आत घेतला.

मी काय सांगू तिने काय म्हटलं. आतापर्यंत मी या लेखात तुम्हाला मुंगळ्याच्या मिशांपासून म्हशींच्या रवंथापर्यंत काय काय सांगितलं, त्यातलं तुम्हाला हवं ते गाळा. इथे मात्र मला थाप मारायलाही काही सापडत नाही. हळदीचा धवला झाला, चौकाचा झाला, मग असे काही आले की बाजूच्या म्हाताऱ्याही गप्प झाल्या, कारण त्यांनाही मागून ओळ उचलता येईना. ती सुनेसाठी म्हणत होती. वर्षानुवर्षं कुणी मागितले नव्हते ते धवले ती तळातून वर काढत होती, आडातून बुडालेली भांडी काढावीत तसे, आणि एकेक पुसून समोर ठेवत होती. घामाने तिचं कुंकू नाकावर उतरलं होतं. मध्ये एका धवल्यात ती अडली, थांबली, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. नीट जावं म्हणून.

हे सगळं व्हायच्या आधीच, पहिले दोन-तीन धवले झाले असतील तेव्हा, मी पडद्यावरचे आकडे बघायला खाली पाहिलं. लाल टिंब नव्हतं. आकडे नव्हते. पडद्याच्या मधोमध एक उद्गारचिन्ह होतं.

मुरलीशेठ सांगत होता ते हेच. कॅमेरा एवढं भरभरून ओतत होता की कार्डाला ते गिळता येईना. दम फुलला आणि तो थांबला, मुकाट्याने. कधी थांबला ते मला कळलं नव्हतं, कारण मी पडद्याकडे बघतच नव्हतो. मी विकी बघतोय का ते बघत होतो.

उपाय मला ठाऊक होता. झाकण उघडायचं, कार्ड काढायचं, नखाने पिवळी पट्टी वर सरकवायची, कार्ड परत घालायचं. कंपनीचा गरीब कॅमेरा सुरू झाला असता आणि त्याने आपल्या गरीब क्वालिटीत, दर थोड्या वेळाने पुन्हा बटण दाबावं लागलं असतं एवढंच, पण सगळं घेतलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि "आत्या, जरा थांब, परत पहिल्यापासून" एवढं वाक्य. आत्या थांबली असती. वर "मुडद्या" म्हणाली असती आणि पहिल्यापासून म्हणाली असती. मांडव उभा होता, नियम मोडत नव्हता.

पण विकी माझ्या उजव्या हाताला तीन फुटांवर उभा होता. त्याने चष्मा डोक्यावर चढवला होता. त्याने विचारलं, "काय भाऊ, साबण विरघळला काय?"

"जोरात चाललाय," मी म्हणालो.

आणि मग मी तो मेलेला कॅमेरा तसाच आत्यासमोर धरून बसलो. दुपारपर्यंत. हात भरून आले, एका हाताचा दुसऱ्या हातात घेतला, गुडघ्यावर टेकवला, मधूनच झूम केल्यासारखं बोट हलवलं. विकीची तोफ अर्ध्या तासाने जेवणाच्या पंगतीकडे गेली, कारण त्याला धवल्यांशी काही देणंघेणं नव्हतं; त्याने एकही घेतला नव्हता. तो गेल्यावरही मी पट्टी सरकवली नाही. तेव्हा का नाही सरकवली, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय, की तो प्रश्न झिजून गुळगुळीत झालाय. आता सरकवली असती तर आधीचं गेलं होतं हे कबूल करावं लागलं असतं, एवढंच उत्तर येतं. दर मिनिटाला कबुली महाग होत गेली आणि मी दर मिनिटाला अजून एक मिनिट थांबलो.

शेवटचा धवला संपला तेव्हा आत्याचा आवाज बसला होता. तिने तांब्या तोंडाला लावला, पाणी छातीवर सांडलं.

"समदं आयलं ना त्याच्यात?"

"समदं आलं, आत्या."

"रंजीला दे हां. पोरीला सुट्टी नाय भेटत." मग माझ्या हातातल्या डबीवर तिने हळदीचा अंगठा टेकवला. देवाला लावावा तसा.

वहिनी दुपारी आली तेव्हा आत्याने लांबूनच हात वर करून तिला सांगितलं, "जालं गो!"

मी वहिनीला म्हणालो, "कॉम्प्युटरवर उतरवून सीडी करून देतो." पुढच्या रविवारी म्हणालो, सीडी मिळत नाहीत. मग म्हणालो, आवाज साफ करतोय. मग पाऊस पडायला लागला आणि पावसाची कारणं सुरू झाली. मनात हिशेब पक्का होता. दिवाळी होऊन तुळशीचं लग्न लागलं की पहिला मांडव पडेल, तिथे काटा खाली ओढून सगळं पुन्हा घ्यायचं, कुणाला कळणार पण नाही.

गणपती बसले त्याच आठवड्यात आत्या चुलीपुढून उठता उठता पडली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हात थोडा आला. आवाज आला नाही.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. मी भेटायला जायचो, कारण न जाणं जास्त दिसलं असतं. खाटेवर ती उजेडाकडे तोंड करून असायची. मला बघितलं की तिचा डावा हात उचलायचा, मूठ वळायची आणि अंगठा हवेत खाली दाबला जायचा. एकदा, दोनदा. बटण दाबल्यासारखा. वहिनी हसून सांगायची, "त्या म्हणतायत, लाव की. त्यांना ऐकायचंय."

त्या बाईला वाटत होतं, आपला गळा गेला तरी आपलं सगळं त्या डबीत शाबूत आहे. त्या खुणेत घाई नव्हती. उसनं दिलेलं भांडं शेजारणीकडे सुरक्षित आहे हे माहीत असलेल्या बाईसारखी ती निवांत मागायची.

एका दिवशी, तिसरा-चौथा अंगठा बघितल्यावर, मी वहिनीला ओसरीवर बोलावलं आणि सांगितलं, की माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला, सगळं खाऊन गेला, कार्डसुद्धा. हे सांगताना मी नेहमीसारखे हातवारे वगैरे केले नाहीत. अगदी साधं सांगितलं. जन्मभर माझ्या एकाही थापेवर कुणी विश्वास ठेवला नव्हता. चंद्रावरच्या खड्ड्याला हसले, सात लग्नांना हसले. या थापेला वहिनी हसली नाही. तिने आपल्या चिरा पडलेल्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "आईंना नका सांगू."

म्हणजे आता आम्ही दोघं मिळून आत्याला फसवायला लागलो. आत्या अंगठा दाबायची आणि वहिनी तिला सांगायची, "लावतील हां भावजी, बॅटरी आणायला गेलेत." आत्या मान हलवायची.

तर आता हा रोहनच्या लग्नाचा फोन. व्हायरसने सगळं खाल्लं असं सांगूनही वहिनीने आशा सोडली नव्हती; कुठे तरी एखादा तुकडा उरला असेल म्हणून ती अधूनमधून विचारायचीच. पेन्सिल सेल आणले. कॅमेरा सुरू होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला. कार्डाची पट्टी खाली होती, तशीच, त्या दिवसापासूनची. मी ते कार्ड कधी बघितलंच नव्हतं. पंधरा वर्षांत एकदाही नाही. त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं असं मी धरून चाललो होतो. पण आत एक व्हिडिओ होता. अकरा सेकंदांचा.

हिरवं लुगडं. पदर नीट करणारा हात. घसा साफ केल्याचा आवाज. "चालू जाला क रं तुजा डबा?" मग पडद्याच्या अलीकडून माझा आवाज, तरुण, माजलेला: "हो आत्या, झाला. म्हण तू." तिने डोळे मिटले, छाती भरून आली, तोंड उघडलं. संपलं.

चित्र मात्र सुंदर आलंय. नव्व्याण्णवची क्वालिटी. तिच्या वरच्या ओठावरचा घामाचा थेंबन् थेंब मोजता येतो.

मी ते फोनवर घेतलं आणि वहिनीला नेऊन दिलं. रस्त्यात ठरवलं होतं, आज सगळं सांगून टाकायचं. वहिनीने बघितलं. पुन्हा बघितलं. तिचे केस आता कानांवर पांढरे झालेत. तिसऱ्यांदा बघून तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "भावजी, त्या व्हायरसच्या तोंडातून एवढं तरी वाचवलंत. तुमचे उपकार कसे फेडू."

माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं.

काल रोहनचा मांडव होता. बाहेर टेम्पोएवढ्या चार पेट्या लावलेला डीजे. चौक भरायच्या वेळी वहिनीने हात वर करून तो बंद करायला लावला. पाटावर बसली. तिने पहिला धवला म्हटला. आवाज आत्यासारखा नव्हता, पण खरा होता. दुसरा म्हटला, तिसरा म्हटला, चौथा म्हटला. मांडवात पन्नास फोन वर झाले होते, एकाचंही कार्ड दमत नव्हतं, एकालाही पट्टी सरकवावी लागत नव्हती. चौथा संपला. पाचव्यासाठी तिने श्वास घेतला, डोळे मिटले, आणि तशीच थांबली. कुणीतरी बाजूने ओळ द्यावी म्हणून थांबतात तशी. मी चार हातांवर उभा होतो. ज्या माणसासमोर त्या बाईने सगळंच्या सगळं म्हटलं होतं, त्या माणसाला एक ओळ येत नव्हती. तेव्हा मी ऐकत नव्हतो. मी धरून बसलो होतो.

वहिनीने डोळे उघडले, चौकाला हात जोडले आणि डीजेवाल्याकडे वळून म्हणाली, "लाव आता आईंचं."

त्याला तिने ती क्लिप आधीच दिली होती. त्याने तो तुकडा ठेक्यावर बसवून ठेवला होता, आजकाल बसवतात तसा. चारही पेट्यांतून, पत्रा थरथरेल अशी, आत्या बोलली, "चालू जाला क रं तुजा डबा?" आणि माझा आवाज आला, "हो आत्या, झाला." मग धाड्‌धाड्‌ ठेका, आणि पुन्हा, "चालू जाला क रं?" "हो आत्या, झाला." मांडव हसला, शिट्ट्या झाल्या, पोरं नाचायला लागली. कुणीतरी माझ्या पाठीत धपका घातला, "नंदूकाका, फेमस झालात!" वहिनी हसत होती, रडत होती आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होती, हेच ते, ह्यांनीच जपून ठेवलं.

"चालू जाला क रं?"

"हो आत्या, झाला."

ते खरं होतं. त्या वेळी तो खरोखरच चालू होता. त्या दिवशी मी तिच्याशी बोललो त्यातलं तेवढं एकच खरं होतं, आणि कॅमेऱ्याने तेवढंच घेतलं.